हात न लावता

दसरा, वार शनिवार. साल लिहीत नाही. साल लिहिलं की वाचणारे आधी बोटांवर माझं वय काढतात आणि मग पुढचं वाचतात. हजर असलेले: बाबा, आई, मी, आईचा धाकटा भाऊ शांताराममामा, त्याची बायको म्हणजे मामी, आणि आमची गाडी. गाडीला मी माणसांत धरलं आहे, कारण त्या दिवसांत आमच्या घरात तिच्याइतका मान दुसऱ्या कुणाला नव्हता. आजारी माणसाला विचारतात तसं बाबा सकाळी उठून आधी तिच्याकडे बघून यायचे आणि मग चहा घ्यायचे.

गाडी जुनीच होती, बाबांच्या एका साहेबांनी वापरून झालेली. गणपतीच्या दिवसांत बाबांनी तिला नवा रंग दिला. डाळिंबी. पिकलेल्या डाळिंबाची साल उन्हात धरल्यावर दिसते तो रंग. रंगवाल्यानं गाडी ताब्यात देताना एक वाक्य सांगितलं, "साहेब, थोडे दिवस फडकं लावू नका, रंग कच्चा आहे." तो हे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत असणार, आणि प्रत्येक गिऱ्हाईक आठवड्यात विसरत असणार. पण बाबांची नोकरी सरकारी आणि टेबल परिपत्रकांचं. शब्द एकदा कागदावर उतरला की त्यांच्या लेखी तो दगडावर कोरलेला असे. त्यांनी रंगवाल्याचं वाक्य घरी आणलं, दुरुस्त केलं आणि जेवताना आम्हाला वाचून दाखवावं तसं सांगितलं, "दसऱ्यापर्यंत गाडीच्या रंगाला कुणाचाही हात लागता कामा नये."

"आणि उघडायची कशी?" आईनं विचारलं.

"हँडल रंगात येत नाही. हँडलला चालेल."

मी तेव्हा अठरा पूर्ण केली होती आणि माझ्याकडे शिकाऊ लायसन होतं. ते संपत आलं होतं. दसऱ्यानंतरच्या सोमवारी पक्क्या लायसनची परीक्षा होती, आणि ती हुकली तर फी, फोटो, रांग, सगळं पहिल्यापासून. फी आणि रांगेचं मला काही नव्हतं. बाबा दुसऱ्यांदा अर्जावर सही करणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. पहिल्या वेळची सही आईनं त्यांना पुरणपोळी वाढता वाढता मिळवली होती. मोटार शिकवणाऱ्या क्लासला मी जात होते, पण तिथल्या गाडीत ब्रेक दोन्हीकडे होते आणि शिकवणाऱ्या सरांचे पाय इतके तत्पर की माझे पाय नुसते शोभेला होते. गाडी मागे घ्यायला शिकवा म्हटलं की सर म्हणत, "उद्या." क्लास संपला तेव्हा तो उद्या उरलाच होता. खरी गाडी चालवायची तर ती दारातली डाळिंबी. आणि बाबांचं म्हणणं असं की गाडी चालवली की तिच्यावर धूळ बसते.

शेवटी तह झाला. दसऱ्यापर्यंत गाडी स्वच्छ ठेवायची जबाबदारी माझी. धुवायची, पण रंगाला हात न लावता. तसं निभावलं तर दसऱ्याला नाशिकहून मामाकडे दिंडोरीला जाताना गाडी मी चालवायची. बाबा शेजारी बसणार. हात लागला तर तह मोडला. मी म्हटलं, "हात कुणाचा?" बाबा म्हणाले, "कुणाचाही." हा शब्द मी नीट ऐकून ठेवला.

हात न लावता गाडी धुणं हे आता काही अप्रूप राहिलेलं नाही. परवा मुंबई हायवेला मुलाबरोबर गेले होते, तर तिथे एका शेडमध्ये गाडीवर लग्नातल्या आइस्क्रीमसारखा फेस सोडत होते, आणि पाटीवर 'टचलेस' लिहिलं होतं. रांग होती. मुलगा कौतुकानं फोनमध्ये टिपत होता. मी म्हटलं, हे आमच्याकडे मखमलाबाद रोडवर आमच्या अंगणात व्हायचं, आणि फेस रिठ्याचा असायचा. त्यानं फोनमधून मान वर केली नाही. असो.

आमची पद्धत अशी होती. ऊन यायच्या आत सुरुवात करायची, कारण तापलेल्या पत्र्यावर पाणी पडलं की डाग जागच्या जागी वाळतो. पाणी नळाचं. बोअरचं अजिबात नाही, त्यात क्षार. नळ सकाळी यायचा, आधी घशात खरखर झाल्यासारखा वाजायचा, मग गढूळ थुंकायचा, मग नीट. तोवर आईनं रात्री भिजवलेले रिठे उकळून ठेवलेले असायचे. कपड्यांची पावडर बाबांना मान्य नव्हती. सोड्यानं रंग मरतो म्हणे. "माझ्या पैठणीला जे चालतं ते तुमच्या डब्याला चालेल," असं म्हणून आईनं रिठा सुचवला होता. त्या वासानं घरभर जणू कुणाचं तरी न्हाणं चालू आहे असं वाटायचं. रिठ्याचं पाणी मी झारीनं घालायची, खालून वर, म्हणजे ओघळ धुळीवरून उतरत नाहीत. ते मुरेपर्यंत थांबायचं. मग पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबून धार करायची आणि वरून खाली सगळं उतरवायचं. राहिलं वाळवणं. फडकं नाही, वर्तमानपत्र नाही, मग काय? टेबलफॅन. लांब वायर काढून मी टेबलफॅन स्टुलावर ठेवून गाडीभोवती फिरवायची, आणि बाबा मागून सांगायचे, "डाव्या मडगार्डवर एक थेंब आहे." शेजारचे लोक गच्चीवरून बघायचे. कुणी तरी विचारलंसुद्धा, "गाडीला ताप आहे का?"

इतकं करून गाडी साठ-सत्तर टक्के स्वच्छ व्हायची. चाकांच्या वरचा चिखल धारेला दाद द्यायचा नाही. अंगठा दुखायचा. दसरा जवळ आला तशी माझी चिंता वाढली, कारण बाबा 'स्वच्छ' या शब्दावरही अडून बसू शकत होते.

खंडेनवमीला संध्याकाळी, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, मामा आला. पिकअप घेऊन. मागे फवारणीचा पंप, गुंडाळलेला लांब पाइप, आणि मोठा निळा प्लॅस्टिकचा ड्रम. पंप नाशिकमध्ये दुरुस्तीला दिला होता, तो पूजेला घरी नेत होता. मामाचा आवाज त्याच्या आधी घरात शिरायचा.

"आक्का, च्या ठेव! दाजी कुठं हायत? गाडीपाशीच असतील. दुसरं कुठं असणार!"

बाबा गाडीपाशीच होते. मी टेबलफॅन आवरत होते. मामानं सगळा प्रकार बघितला, पोट धरून हसला आणि मग एकदम गंभीर झाला. द्राक्षवाल्यांचं असंच असतं, हसता हसता शेतीवर येतात.

"दाजी, यात हसण्यासारखं काय नाय. आमचं तर कामच हे हाय. द्राक्षाच्या घडाला हात लावतो का आम्ही? मण्यावरची पांढरी पावडर पुसली की माल गेला, व्यापारी बघत नाय. आम्ही देठाला धरतो. धुवायचं, फवारायचं, सगळं लांबून. तुमच्या मडगार्डाचा चिखल हा माझा पंप एका मिनिटात काढतो का नाय बघा. हात नाय, बोट नाय."

मी बाबांकडे बघितलं. बाबांच्या चेहऱ्यावर मी आजवर फक्त पगारवाढीच्या बातमीला पाहिलेलं तेज आलं.

"दाब किती आहे?" त्यांनी विचारलं.

"कमी करता येतो की."

"पाणी कसलं?"

"तळाला थोडं जुनं हाय, त्यावर तुमच्या टाकीतलं नळाचं भरू."

बाबांनी ड्रममध्ये डोकावून बघितलं. पाणी निळसर दिसलं, पण निळ्या ड्रममध्ये पाणी दुसरं कसं दिसणार? "स्वच्छ आहे," ते म्हणाले. आई दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिनं फक्त एवढंच विचारलं, "शांता, या ड्रममधून बागेत शेवटचं काय फवारलंस?" पण तेवढ्यात पंप फटफट करून सुरू झाला आणि तिचा प्रश्न त्यातच गेला. चहा कपात निवला.

काय सांगू, गाडी अशी कधी धुतली गेली नव्हती. धुक्यासारखा बारीक फवारा, मग धार. चाकांवरचा चिखल ढेकळं सुटावीत तसा सुटला. फवाऱ्याची गन स्वतः बाबांनी धरली होती, शर्टाच्या बाह्या वर करून, आणि मामा ओरडत होता, "मागनं घ्या दाजी, पानाच्या मागनं... आपलं, डिकीच्या मागनं!" ओली गाडी दिव्यात अशी चमकत होती की गच्चीवरचे लोकसुद्धा गप्प झाले. टेबलफॅनची गरज नाही, रात्रीत वाळेल, असं ठरलं. मामा उद्या जेवायला या म्हणून बजावून गेला. बाबा त्या रात्री दोन पोळ्या जास्त जेवले. मी तर झोपेतच गिअर टाकत होते.

दसऱ्याला सकाळी मी झेंडूचं तोरण घेऊन बाहेर आले. गाडी निळी झाली होती. सबंध निळी नाही. डाळिंबीवर आकाशी शिंतोडे, मागचा-पुढचा एकही भाग न सोडता, फवारणीनंतर द्राक्षाच्या पानावर पडतात तसेच. नाशिककडच्या कुणालाही सांगायला लागत नाही. बोर्डो. छाटणी झाली की मामा बागेवर मारायचा ते मोरचूद आणि चुन्याचं पाणी. ओलं असताना दिसत नाही, वाळलं की फुटतं, आणि पावसातसुद्धा पानावरून हटू नये म्हणूनच त्यात चुना असतो.

बाबा आले. त्यांनी बघितलं. ते पायरीवर बसले.

आईनं मामाला फोन लावला. तो पलीकडून इतका मोठ्यानं बोलायचा की रिसीव्हर आईच्या कानाला असूनही आम्हाला सगळं ऐकू आलं. आधी, "निळी? निळी कशी काय?" मग, "अगं आई गं... ड्रम विसळायचा राहिला." मग, "दाजींना सांग, एक बरं झालं. यंदा गाडीला डाऊनी नाय यायचा."

डाऊनी म्हणजे द्राक्षावरची बुरशी. मी हसले. हसायला नको होतं, पण ते आवरलं नाही, आणि आईनं तोंडाला पदर लावून पाठ फिरवली. बाबा हसले नाहीत.

मग धावपळ. पाण्याची धार मारली, एक शिंतोडा हलला नाही. आई म्हणाली, "तांब्याला काय लावतो आपण? आंबट. लिंबू पिळा."

"गाडी आहे ती, तांब्या नाही," बाबा म्हणाले.

"बाबा, मोरचूद म्हणजे तांबंच असतं," मी म्हटलं. बारावीच्या रसायनशास्त्राचा आयुष्यात झालेला हा एवढाच उपयोग. घरातली सगळी लिंबं, म्हणजे दसऱ्याच्या सरबताचीसुद्धा, पिळून पाणी केलं, इस्त्रीच्या फवाऱ्यात भरलं आणि फुसफुस मारत सुटले. काचेच्या खालचा भाग, दोन दारं, थोडं बॉनेट, एवढं निवळलं. लिंबं संपली. सणाची सकाळ, दुकानात लिंबू नाही. उरलेली गाडी तशीच निळी.

"राहू दे," बाबा म्हणाले. "गाडी आज बाहेर काढायची नाही. शांतारामकडे बसनं जाऊ."

बसनं. म्हणजे दिंडोरी गेली, आणि दिंडोरी गेली तर सोमवार गेला. मी हातातला फवारा पायरीवर ठेवला.

"बाबा, तह काय होता?"

"आता तहाचं काय राहिलंय त्यात? बघतेस ना?"

"रंगाला कुणाचाही हात लागता कामा नये, असं होतं. हात कुणाचा लागला?"

"अर्थ तो नव्हता, मनू."

"परिपत्रकात अर्थ नसतो, शब्द असतात, असं तुम्हीच सांगता."

आई आतून म्हणाली, "द्या हो चावी. निळी का होईना, गाडीच आहे. बसमध्ये श्रीखंडाचा डबा मी मांडीवर घेऊन बसणार नाही."

बाबा उठून आत गेले आणि चावी आणली. माझ्या हातात दिली नाही. श्रीखंडाच्या डब्यावर ठेवली. तेवढं मला पुरे होतं. कागदावर काढलेला लाल 'एल' मी बॉनेटला नाही, काचेला आतून चिकटवला. पूजेत आईनं हळद-कुंकू चाकांना वाहिलं, हार आरशाला बांधला, आणि लिंबू चाकाखाली ठेवायचा विधी लिंबं संपल्यामुळे रद्द झाला.

म्हसरूळ सोडेपर्यंत मी श्वास घेतल्याचं आठवत नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झेंडूचे ढीग, आपट्याच्या पानांच्या पेंढ्या, आणि माझ्यासमोर एक ट्रॅक्टर, ज्याला मागे टाकायची हिंमत मी केली नाही. बाबा पायाखाली नसलेला ब्रेक दाबत होते. मागून आई म्हणाली, "तिसरा टाक, गाडी रडतेय." तिला गाडीतलं काही कळत नव्हतं, पण कान चांगला होता. तिसरा टाकला, रडणं थांबलं. डाव्या हाताला रामशेजचा किल्ला दिसू लागला तसा रस्ता मोकळा झाला, दोन्हीकडे छाटलेल्या बागा, ओळीच ओळी, आणि त्यांच्या खोडांवर आमच्या गाडीवर होता तोच निळा रंग. एका वळणावर चहाच्या टपरीपाशी मी गाडी हळू केली, तर बाकड्यावरच्या एका म्हाताऱ्यानं गाडी वरपासून खालपर्यंत बघितली आणि बाबांना हाक मारली.

"पावणं, फवारणी लय घट्ट केली! पानं बी येतील आता!"

बाबांनी काच वर केली. थोड्या वेळानं, पुढचा चढ गेल्यावर, त्यांच्या खांद्यांना काहीतरी झालं. मला वाटलं उचकी लागली. ते हसत होते. आवाज न करता, तोंड बाहेर वळवून.

मामाकडे आम्ही पोचलो तेव्हा तांब्याभर पाण्यानं आणि भरपूर माफीनं स्वागत झालं. मामा कानाला हात लावत होता, मामी त्याला भाकरीच्या परातीमागून बोलत होती, "ड्रम धुवायला सांगितलं तर म्हणतात, पाणीच हाय त्यात." श्रीखंड, पुरी, वांग्याचं भरीत, आणि आमटी इतकी तिखट की बाबांचे डोळे गाडीची आठवण न येताही पाणावले. जेवून सुपारी झाली, सोनं दिलं-घेतलं, आणि निघताना माझ्या ध्यानात आलं की मी गाडी नाक पुढे करून थेट अंगणात, बेदाण्याच्या शेडच्या भिंतीपर्यंत आणली होती. बाहेर काढायची तर मागे घ्यायची. आणि मागे घेणं म्हणजे क्लासच्या सरांचा तो उद्या.

"उतर, मी काढतो," बाबा म्हणाले.

"सोमवारी काय तुम्ही काढणार आहात?" मी म्हटलं.

ते उतरले. मामा मागे जाऊन उभा राहिला आणि सूचना द्यायला लागला. मामाच्या सूचनांचा एकच प्रकार होता. "येऊ दे! येऊ दे! लय जागा हाय! येऊ दे!" मी क्लच सोडला, गाडी मागे आली, जरा वाकडी, मग जास्तच वाकडी. आरशात मला मामा दिसत होता, आणि मामाच्या मागे काय आहे ते दिसत नव्हतं. तिथे फवारणीच्या पाण्याचा हौद होता, सिमेंटचा, कंबरेएवढा.

"येऊ दे, येऊ दे..."

आणि धाड्. धाड्. धाड्. मी जिवाच्या आकांतानं ब्रेक दाबला. गाडी बंद पडली. धडकली, संपलं.

धडकली नव्हती. बाबा अंगणातून पळत येऊन डिकीवर सपासप हात मारत होते, एसटीचा कंडक्टर गाडी थांबवायला पत्र्यावर मारतो तसा, तळहात उघडा, पूर्ण ताकदीनं. "बस! बस! बस!" ते ओरडत होते, गाडी केव्हाची थांबली होती तरी. डिकीवर धूळ आणि बोर्डो यांच्यात त्यांचे पंजे स्वच्छ उमटले होते, एकावर एक.

मामाला राहवलं नाही. "दाजी," तो हळूच म्हणाला, "हात लागला तुमचा."

बाबांनी स्वतःचा तळहात बघितला. निळा झाला होता. त्यांनी तो धोतराला पुसावा तसा पँटला पुसला, जे ते कधीच करत नसत.

"मग काय पायानं थांबवू?" ते मामावर खेकसले. "आणि तू हो बाजूला. तुझं येऊ दे, येऊ दे ऐकून पोरगी हौदात जाईल." मग खिडकीशी आले, वाकले, आणि मला म्हणाले, "पुढे घे. परत मागे आण. मी मागे उभा आहे. माझा हात वाजला की थांबायचं."

दिवेलागणीपर्यंत आम्ही तेच करत होतो. पुढे, मागे, धाड्. पुढे, मागे, धाड्. मामी ओट्यावर बसून वाटाणे सोलत बघत होती, आई मला सोडून बाबांना सूचना देत होती, आणि डिकीवर निळे शिंतोडे कमी अन् हातांचे ठसे जास्त दिसायला लागले होते. आता हौद वाचत होता. गाडी मात्र दर वेळी वाकडीच येत होती. सोमवारच्या परीक्षेला मध्ये एक रविवार होता, आणि उलटी गाडी सरळ आणायची अजून बाकी होती.